आधी जंतू, मग मासे

माशांची टाकी लहान म्हणजे कमी कटकट, असा एक गोड गैरसमज आहे. प्रत्यक्षात मोठ्या टाकीत चार दाणे जास्त पडले, एखादं पान कुजलं, तरी पाणी ते पोटात घालतं. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत मावतं जेमतेम 55 लिटर पाणी, आणि त्याला कशाचाही राग येतो. त्यात मला हवे होते ड्वार्फ सिक्लिड, म्हणजे सिक्लिड कुळातले बुटके मासे. त्यातही कॉकॅटू, म्हणजे पेरूकडच्या अ‍ॅमेझॉन खोऱ्यातला, साधारण तीन इंचांचा, पाठीवरच्या पराचे पुढचे काटे तुऱ्यासारखे उभारून मिरवणारा मासा.

"केवढा होतो म्हणालीस?" सासूबाईंनी विचारलं. त्या मालवणच्या. मी बोटांनी माप दाखवलं. त्यांनी ते नीट पाहिलं आणि काही न बोलता भाजी निवडायला घेतली.

दुकानदार मात्र उदार होता. "ताई, आत्ता पाणी भरा, संध्याकाळी मासे टाका. काय होत नाय." काय होतं ते त्याला चांगलं ठाऊक असावं, कारण तेच गिऱ्हाईक आठवड्याभरात पुन्हा मासे न्यायला येतं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो आणि तो विषारी असतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते माफक प्रमाणात चालतं. ही मंडळी फिल्टरच्या स्पंजात मुक्कामाला यायला चार ते सहा आठवडे सहज लागतात. तोवर मासे आणायचे नाहीत. आणि जिवाणू उपाशी राहू नयेत म्हणून रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं.

"मासे नाहीत, मग खाणं कोणाला घालतेस?"

"जिवाणूंना, आई."

"म्हणजे जंतू?"

"चांगले जंतू."

हा संवाद सासूबाईंनी फोनवरून मालवणपर्यंत पोचवला. त्यानंतर आमच्याकडे येणारा प्रत्येक जण टाकीसमोर वाकून, डोळे बारीक करून, डावीकडून उजवीकडे बघायचा आणि मग अतिशय सावधपणे विचारायचा, "मासे मागे लपलेत का?" शेजारच्या काकांनी तर एकदा "छान आहेत" असंही सांगून टाकलं.

पाणी तपासायचं एक किट मिळतं. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं आणि जो रंग येईल तो छापील पट्टीशी ताडून बघायचा. पिवळा म्हणजे अमोनिया नाही, हिरवा म्हणजे आहे. पण पट्टीवरचा हिरवा आणि नळीतला हिरवा कधीही जुळत नाहीत. मी खिडकीत नळी धरून उभी. नवरा म्हणाला, "हिरवाच आहे." याचा काय उपयोग? मग सासूबाईंनी चष्मा चढवला. "हा पिस्ता. काल पोपटी होता. अजून लिंबू कलरवर यायचाय." ज्या बाईनं हयातभर ब्लाऊजपीस मॅचिंग केलं, तिच्यापुढे ती छापील पट्टी म्हणजे पोरखेळ होता. त्या दिवसापासून आमच्या घरची प्रयोगशाळा त्यांच्या ताब्यात गेली.

कॉकॅटू रेती तोंडात घेऊन कल्ल्यांतून गाळतात, म्हणून रेती बारीक हवी, आणि तीत शंख-शिंपल्यांचा चुरा नको, नाहीतर पाणी जड होतं. मालवणची पांढरी वाळू आणायचा सासूबाईंचा आग्रह त्यामुळे मोडावा लागला. वाळूवर व्हिनेगर टाकलं तर बुडबुडे येतील, असं मी सांगितल्यावर त्या दुखावल्या. माहेरच्या वाळूची परीक्षा घेतलेली कोणाला आवडेल?

पाण्याचंही तसंच. या जातींना मऊ पाणी मानवतं. आमच्या सोसायटीत नळाचं पाणी कमी पडलं की टँकर येतो, आणि टँकर बोअरवेलवर भरलेला असला की मीटरवरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, चढतो. मग त्यात प्युरिफायरचं पाणी मिसळायचं. त्या दिवसांत नवरा प्युरिफायरच्या नळाखाली ग्लास घेऊन गेला की घरातल्या दोघी बायका एकदम ओरडायच्या, "ते माशांचं आहे!" आणि मासे अजून दुकानात होते.

मग आली पानं. देशी बदामाची वाळकी पानं पाण्यात टाकली की टॅनिन उतरतं आणि पाणी कोऱ्या चहासारखं होतं. अ‍ॅमेझॉनच्या कित्येक ओढ्यांचं पाणी असंच असतं. ही पानं ऑनलाइन पाकिटातून विकतात. आमच्या गेटशेजारी बदामाचं झाडच आहे. मी सकाळी तिथे वाकून, डाग नसलेली पानं निवडत बसायचे. झाडणाऱ्या मावशींनी आधी दुर्लक्ष केलं, मग वॉचमनशी काहीतरी कुजबुजल्या आणि शेवटी गोणपाटाचं पोतंच भरून दारात ठेवलं. "ताई, तुमची पानं." स्वरात पुरेपूर सहानुभूती होती.

घरासाठी करवंट्या लागतात. एका नराबरोबर दोन माद्या ठेवायच्या म्हटलं तर दोघींना वेगवेगळी गुहा हवी. मादी गुहेच्या छताला अंडी चिकटवते. नराला स्वतःची गुहा लागत नाही, तो सारखा फिरतीवर. सोलकढीच्या दिवशी दोन नारळ फुटले, करवंट्या घासून उकळल्या, नवऱ्यानं हॅकसॉ ब्लेडनं दारं कापली. "वन आरके," तो म्हणाला.

यथावकाश नळीतला रंग लिंबू झाला आणि तसाच टिकला. नायट्राइटही शून्यावर आलं. सासूबाईंनी परवानगी दिली तेव्हा मासे आले. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, थोडं थोडं टाकीतलं पाणी आत घातलं, आणि सोडल्याबरोबर तिघं जे पानांखाली गेले ते दिसेनात. योगायोगानं त्याच संध्याकाळी शेजारचे काका आले. त्यांनी वाकून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि या खेपेला काहीच बोलले नाहीत.

दिवाळीच्या साफसफाईत एक प्रसंग थोडक्यात टळला. फिल्टरचा तपकिरी, बुळबुळीत स्पंज साबणाच्या हातांत पोचला होता. "आई, नको! जंतू!" मी किंचाळले. घरात अशी किंकाळी साधारण उलट अर्थानं मारतात. स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळायचा असतो, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं जिवाणू मरतात. एवढं कळल्यावर सासूबाईंनी स्पंजाभोवती कामवालीलाही फिरकू दिलं नाही.

आणि मग एक मादी हळदीसारखी पिवळीजर्द झाली. अंगावर काळे पट्टे उठले. तिच्या दुप्पट आकाराच्या, तुरेवाल्या नराला तिनं असं काही पिटाळलं की तो हीटरमागे जाऊन उभा राहिला. करवंटीच्या दारात ती एकटी, पर हलवत. मी टॉर्च घेऊन वाकणार, एवढ्यात मागून हात धरला गेला.

"डोळ्यांवर उजेड कसला पाडतेस? अंडी आहेत आत."

टाकी ओट्याच्या अलीकडच्याच भिंतीला आहे. सकाळी चटणीचं खोबरं भांड्यात घातलं, झाकण लावलं, बटणाकडे हात नेला.

"खबरदार मिक्सर लावलास तर! घरात बाळंतीण आहे."

त्या दिवशी आम्ही इडली लोणच्याशी खाल्ली. नवऱ्यानं दुपारच्या डब्यासाठी पुन्हा विचारून पाहिलं, तेव्हा त्याला दूध-साखरेचा पर्याय देण्यात आला.