दीड अब्ज डॉलरचा तो ‘दंड’ कोणत्याही न्यायालयाने ठोठावलेला नाही

प्रोसेसर बनवणारी इंटेल आणि ग्राफिक्स चिप बनवणारी एनव्हिडिया यांच्यातील जुन्या चिपसेट-वादावरचा (चिपसेट म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या मदरबोर्डावरील चिप) एक लांबलचक संदेश सध्या संगणकाची आवड असणाऱ्या मुलांमध्ये फिरतो आहे. तो माझ्या भाच्यापर्यंत पोहोचला आणि त्यावर विसंबून त्याने जुन्या मदरबोर्डासाठी नव्या पिढीचा प्रोसेसर घेऊन त्याच्या तळाच्या काही संपर्कबिंदूंवर टेप चिकटवण्याचा घाट घातला, तेव्हा हे लिहिणे मला भाग पडले. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: एनव्हिडियाचे चिपसेट सरस होते म्हणून इंटेलने ते अडवले, त्यावर एनव्हिडिया न्यायालयात गेली, २०११ मध्ये न्यायालयाने इंटेलला दोषी ठरवून दीड अब्ज डॉलरचा दंड केला, त्यामुळे चिपसेटवरून प्रोसेसर अडवणे आता बेकायदा आहे, इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडी असले प्रकार कधीच करत नाही, एनव्हिडिया आणि इंटेल आता एकत्र आल्यामुळे सगळी बंधने उठणार आहेत, आणि तोपर्यंत सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची बैठक, एक असेल तर टेप लावून कोणताही प्रोसेसर कोणत्याही बोर्डावर चालवता येतो.

सगळा डोलारा न्यायालयाच्या त्या तथाकथित निकालावर उभा आहे, म्हणून आधी त्याबद्दल. असा निकाल लागलेलाच नाही.

घडले ते असे. नोव्हेंबर २००४ मध्ये दोन्ही कंपन्यांनी एकमेकींची पेटंटे वापरण्याचा करार केला आणि त्याच वेळी एनव्हिडियाला इंटेलच्या प्रोसेसरांसाठी चिपसेट बनवण्याचा परवाना मिळाला. त्या काळी इंटेलच्या बोर्डावर मेमरीचे नियंत्रण प्रोसेसरमध्ये नव्हे, तर चिपसेटच्या नॉर्थब्रिज या मुख्य चिपमध्ये असे, आणि प्रोसेसर तिच्याशी फ्रंट साइड बस या जोडणीने बोलत असे. नोव्हेंबर २००८ मध्ये पहिला कोअर आय७ आला आणि मेमरीचे नियंत्रण प्रोसेसरच्या आत गेले. जुनी बस गेली. तिच्या जागी आधी क्यूपीआय आणि पुढच्या वर्षी आलेल्या स्वस्त प्रोसेसरांत डीएमआय ही जोडणी आली. वादाचा मुद्दा एवढाच होता की २००४ चा परवाना या नव्या रचनेच्या प्रोसेसरांनाही लागू होतो की नाही. एनव्हिडिया म्हणत होती की होतो. इंटेल म्हणत होती की होत नाही.

न्यायालयात आधी कोण गेले, हेही संदेशाने उलटे सांगितले आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेतील डेलावेअर राज्याच्या चॅन्सरी न्यायालयात आधी इंटेल गेली, आणि एनव्हिडियाने मार्चमध्ये प्रतिदावा दाखल केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एनव्हिडियाने नव्या इंटेल प्रोसेसरांसाठीच्या चिपसेटचे काम थांबवल्याचे सांगितले. करारातील शब्दांचा अर्थ न्यायालयाने लावण्यापूर्वीच १० जानेवारी २०११ रोजी तडजोड झाली. त्या दिवशी एनव्हिडियाने स्वतः प्रसिद्ध केलेले निवेदन उपलब्ध आहे आणि ज्याला शंका असेल त्याने ते मुळातून वाचावे. त्यात म्हटले आहे की इंटेलला एनव्हिडियाची पेटंटे वापरता येतील, त्याबदल्यात एनव्हिडियाला एकूण दीड अब्ज डॉलर परवानाशुल्क वार्षिक हप्त्यांत मिळेल, आणि इंटेलच्या पेटंटांवरील एनव्हिडियाच्या हक्कातून इंटेलचे स्वतःचे प्रोसेसर, फ्लॅश मेमरी आणि इंटेल प्लॅटफॉर्मसाठीचे काही चिपसेट वगळलेले असतील. ही रक्कम दंड नाही, नुकसानभरपाईही नाही. ती पेटंट वापरण्याची किंमत आहे. आणि चिपसेटचा प्रश्न कुणाच्या बाजूने सुटला, हे वगळलेल्या गोष्टींच्या त्या यादीतच लिहिलेले आहे. अडवणूक बेकायदा ठरली असती, तर एनव्हिडिया दुसऱ्या दिवसापासून नवे चिपसेट बनवू लागली असती. प्रत्यक्षात तिने पैसे घेतले आणि तो धंदा सोडला.

हा गोंधळ कशातून झाला असावा, याचा अंदाज करता येतो. मे २००९ मध्ये युरोपीय आयोगाने इंटेलला एक अब्जाहून अधिक युरोचा दंड केला होता, पण तो संगणक बनवणाऱ्यांना दिलेल्या सवलतींबद्दल आणि एएमडीचे प्रोसेसर बाजारात येऊ न देण्याच्या प्रयत्नांबद्दल होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंटेलने एएमडीला सव्वा अब्ज डॉलर दिले, तीही तडजोडच. डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने इंटेलविरुद्ध तक्रार दाखल केली. ती ऑगस्ट २०१० मध्ये दोष मान्य न करता आणि एक डॉलरचाही दंड न होता मिटली. या चार वेगवेगळ्या प्रकरणांची खिचडी करून एक खोटा निकाल तयार झाला आहे आणि मुले तो कायदा समजून एकमेकांना सांगत आहेत.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. इंटेलचा हेतू केवळ करारपालनाचा होता, असे मानायला मीही तयार नाही. फेडरल ट्रेड कमिशनच्या तक्रारीत ग्राफिक्स क्षेत्रातील स्पर्धा रोखल्याचा आरोप होता, आणि मिटवताना इंटेलला पीसीआय एक्स्प्रेस ही जोडणी किमान सहा वर्षे चालू ठेवण्याचे बंधन स्वीकारावे लागले, जेणेकरून एनव्हिडियासारख्यांची ग्राफिक्स कार्डे बाहेर फेकली जाऊ नयेत. ग्राहकाचे नुकसानही झाले. ॲपलने २०१० मध्ये १३ इंची मॅकबुक प्रो बाजारात आणला, तेव्हा त्यात कोअर आय मालिकेऐवजी जुनाच कोअर २ ड्युओ आणि एनव्हिडियाचा चिपसेट होता, कारण नव्या प्रोसेसरबरोबर तो चिपसेट वापरण्याची वाटच बंद झाली होती.

परंतु यातून एनव्हिडियाला हुतात्मा ठरवणाऱ्यांनी एसएलआयचा इतिहास का गाळला, हे त्यांनी सांगावे. दोन ग्राफिक्स कार्डे एकत्र चालवण्याची ही सोय कित्येक वर्षे डेस्कटॉपवर एनव्हिडियाच्या एनफोर्स चिपसेटपुरतीच ठेवली गेली. इंटेलच्या चिपसेटचे दोन-दोन लांब स्लॉट असलेले बोर्ड बाजारात होते. त्यांवर ही सोय एनव्हिडियाचे ड्रायव्हर चालू होऊ देत नसत. २००८ मध्ये इंटेलच्या एक्स५८ चिपसेटच्या बोर्डांना ती मिळाली, तीही एनव्हिडियाचे प्रमाणपत्र घेणाऱ्या उत्पादकांनाच. कुलूप दोघांनीही लावले होते.

एनव्हिडिया आणि इंटेल ‘एकत्र आल्या’ या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. १८ सप्टेंबर २०२५ रोजी एनव्हिडियाने इंटेलमध्ये पाच अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली. इंटेलने डेटा सेंटरसाठी एनव्हिडियाच्या गरजेनुसार प्रोसेसर बनवावेत आणि वैयक्तिक संगणकांसाठी एनव्हिडियाचे ग्राफिक्स आत असलेल्या चिप बनवाव्यात, असा तो करार आहे. एनव्हिडियाने इंटेलसाठी पुन्हा चिपसेट बनवण्याचा किंवा जुन्या बोर्डांवरची बंधने उठवण्याचा तो करार नाही.

‘एएमडी कधीच अडवत नाही’ हे विधान तर अवघ्या काही वर्षांपूर्वीच्या घटनेनेच खोटे ठरते. ७ मे २०२० रोजी एएमडीने जाहीर केले की येणारे झेन ३ या नव्या पिढीचे प्रोसेसर फक्त ५०० मालिकेच्या चिपसेटवर चालतील. बी४५० आणि एक्स४७० या ४०० मालिकेच्या चिपसेटचे बोर्ड घेतलेल्यांनी गदारोळ केल्यावर १९ मे रोजी कंपनीने माघार घेतली. ३०० मालिकेच्या बोर्डधारकांना मात्र अधिकृत पाठिंब्यासाठी २०२२ पर्यंत थांबावे लागले. कंपनीने दिलेले कारण अगदीच खोटे नव्हते: अनेक जुन्या बोर्डांवर बायोससाठी (संगणक सुरू करणाऱ्या बोर्डावरील मूळ प्रणालीसाठी) १६ एमबीचीच चिप आहे, आणि तिच्यात प्रत्येक पिढीच्या प्रोसेसरसाठीचा कोड मावत नाही. त्यामुळेच काही बोर्डांवर नवा बायोस चढवला की जुन्या प्रोसेसरांचा पाठिंबा निघून जातो. २०१७ च्या बोर्डावर अखेर २०२० चा प्रोसेसर चालला, हे एएमडीचे श्रेय आहेच. ते देताना ग्राहकांच्या दबावाचा उल्लेख टाळू नये.

आता टेप. जिथे पैसे आणि वस्तू दोन्ही जातात, तो हा मुद्दा आहे.

सॉकेट म्हणजे आकार आणि संपर्कबिंदूंची मांडणी. कोणत्या बिंदूला वीज, कोणत्या बिंदूला संकेत, हे त्यावरून ठरत नाही. मुंबईच्या लोकलचे रूळ देशातल्या इतर ब्रॉडगेज रुळांइतकेच रुंद आहेत, पण काही वर्षांपूर्वीपर्यंत वरच्या तारेत १५०० व्होल्ट डीसी असल्यामुळे फक्त २५ हजार व्होल्ट एसीवर चालणारे इंजिन तिथे चालले नसते. इंटेलच्या एलजीए ११५१ सॉकेटचे तसेच आहे. सहाव्या-सातव्या पिढीत वीजपुरवठ्याचे १२८ संपर्कबिंदू होते; आठव्या पिढीसाठी ते १४६ झाले, कारण चारऐवजी सहा कोअरांना (प्रोसेसरमधील गणन-केंद्रांना) वीज द्यायची होती. सातव्या पिढीसाठीच्या झेड२७० आणि आठव्या पिढीसाठीच्या झेड३७० बोर्डांचे सॉकेट दिसायला सारखे असले, तरी त्यांतील जोडण्या सारख्या नाहीत.

यातही अर्धे सत्य आहे आणि ते नाइलाजाने सांगतो. बदललेला बायोस आणि टेप वापरून जाणकारांनी काही झेड१७० आणि झेड२७० बोर्डांवर आठव्या पिढीचे प्रोसेसर खरोखर चालवून दाखवले आहेत, आणि त्यामुळे इंटेलने दिलेले विजेचे कारण सगळ्याच बोर्डांना लागू नव्हते असा संशय घेण्यास जागा आहे. पण त्यांनी एका विशिष्ट बोर्डासाठी विशिष्ट बिंदू झाकले, काही बिंदू एकमेकांना जोडले, आणि बायोसमध्ये मायक्रोकोडपासून मॅनेजमेंट इंजिनपर्यंतचे भाग बदलले. बायोस बिघडला तर चिमटा लावून चिप पुन्हा लिहिण्याचे प्रोग्रामरही त्यांच्या टेबलावर होते. संदेशात यातले काहीही नाही. आहे ते केवळ ‘टेप लावा’.

प्रोसेसर उलटा करून पाहावा. तळाशी सोनेरी बिंदूंची जाळी असते आणि दोन बिंदूंच्या केंद्रांमधले अंतर एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते. टेपचा तुकडा किंचित सरकला तरी शेजारचा बिंदू झाकला जातो. सॉकेटातल्या पिना केसासारख्या बारीक आणि वाकवलेल्या असतात. प्रोसेसर पुन्हा पुन्हा काढताना-बसवताना सुटलेला टेप किंवा त्याचा चिकटा त्यांच्यावर बसतो, आणि तो खरवडायला गेले की पिन वाकते. वाकलेल्या पिनेला दुकानदार वॉरंटी देत नाही. पावती नसलेल्या जुन्या बोर्डाचे तर नावच काढायला नको.

शिवाय टेप लावून सुटणार नाहीत अशी उदाहरणे कितीतरी आहेत. एलजीए ७७५ सॉकेट असूनही ९१५ चिपसेटवर कोअर २ ड्युओ चालला नाही. एलजीए १२०० सॉकेट असूनही एच४१० आणि बी४६० चिपसेटना अकराव्या पिढीचा अधिकृत पाठिंबा इंटेलने दिला नाही.

बोर्ड बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या संकेतस्थळावर त्या-त्या मॉडेलची प्रोसेसर-यादी असते आणि प्रत्येक प्रोसेसरपुढे तो कोणत्या बायोस आवृत्तीपासून चालतो हे छापलेले असते. यादी उघडताना बोर्डावर छापलेला रिव्हिजन क्रमांकही जुळवावा, कारण एकाच नावाच्या दोन रिव्हिजनांच्या याद्या वेगळ्या असू शकतात. झेड२७० बोर्ड हाताशी असणाऱ्याला त्या यादीत कोअर आय७-७७००के सापडेल. चार कोअर आणि आठ थ्रेडचा हा प्रोसेसर वापरलेल्या स्थितीत मिळतो आणि त्यासाठी कशालाही टेप चिकटवावा लागत नाही.