लिंकनचं बुडीत दुकान

सुन्याने ग्रुपवर ती नेहमीची यादी टाकली: लिंकन, १८३१ धंद्यात अपयश, १८३२ निवडणुकीत पराभव, १८३३ पुन्हा धंद्यात अपयश, आणि १८६० राष्ट्राध्यक्ष. संध्याकाळी कट्ट्यावर अण्णा तयारीनेच आला. त्याचं स्वतःचं किराणा दुकान आहे, त्यामुळे धंद्याबद्दल कोणी काहीही लिहिलं की त्याला खपत नाही.

“१८३१ साली दुकान लिंकनचं नव्हतंच. डेंटन ऑफटचं होतं, हा नोकर. शेठ बुडाला, त्यात नोकराचं कसलं अपयश?”

“बेरीबरोबर भागीदारीत काढलेलं तरी त्याचंच ना?” सुन्या.

“त्याचंच. आणि बुडणारच होतं. इलिनॉयमधली न्यू सेलम ही एवढीशी वस्ती. माल घेतला तो वचनचिठ्ठ्या लिहून, उधारीवर. हा गल्ल्यावर पुस्तक वाचणार, भागीदार पिणार, असं सांगतात. मी असा पोरगा दुकानात उभा केला नसता.”

“निवडणूकही हरला. १३ उमेदवारांत आठवा.”

इथे मक्या पडला मधे. “काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, हरला रे! स्वतःच्या गावात ३०० पैकी २७७ मतं. गावात येऊन जेमतेम वर्ष झालेलं.” आपल्या वॉर्डात असा आकडा आला तर लोक मशीनच उघडून बघतील.

पुढे लिंकन तिथला पोस्टमास्तर झाला, टोपीत पत्रं घालून वाटायचा, जमिनीची मोजणी करायचा. कर्जापायी घोडा आणि मोजणीची साधनं लिलावात गेली. जेम्स शॉर्ट या मित्राने ती बोली लावून घेतली आणि त्यालाच परत केली. १८३५ मध्ये बेरी वारला. त्याचा वाटा धरून देणं साधारण ११०० डॉलरचं, ते लिंकनने कित्येक वर्षं फेडलं.

“कायद्याने बांधलेला होता,” सुन्या म्हणाला. “चिठ्ठीवर त्याचीही सही.”

“सही काय! दुकान ज्यांना विकलं ते पैसे न देताच पसार झाले. हाही रातोरात जाऊ शकला असता.”

“ते आमदार नव्हते. हा १८३४ ला निवडून आलेला. आमदार पळून जाणार कुठे?”

“आमदार पळत नाहीत, हे तुला कोणी सांगितलं?”

हशा झाला, तरी सुन्याचं म्हणणं मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. १८३६, १८३८, १८४०, दर वेळी तो निवडून आला, आणि मतदारांत त्याचे सावकारही असतीलच. अण्णाचं उत्तर तयार होतं: “सावकारांनी मतं दिली ना? मग झालं तर.”