अमेरिकेत चालतं ना?

घरच्या ग्रुपवर पुन्हा तोच वाद. २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ कायद्याने बंद केले, तेव्हापासून भाच्याचं एकच पालुपद: "मामा, पोकर डोक्याचा खेळ आहे. तुमच्या अमेरिकेत चालतो ना?" त्यावर पुलगावहून दादाचा शेरा: "जुगार तो जुगारच."

राग भाच्याचा जास्त येतो. मी ह्यूस्टनला राहतो. टेक्सस होल्डम, म्हणजे पोकरचा सगळ्यात गाजलेला प्रकार, हे नाव ज्या राज्यावरून पडलं, तिथेच डावातून नाल (अड्डेवाल्याचा हिस्सा) कापणं गुन्हा आहे. म्हणून इथले क्लब मेंबरशिप आणि बसण्याचे तासावर पैसे घेतात, अन् स्वतःला खासगी जागा म्हणवतात. हे तरी कायद्यात बसतं का, यावर कोर्टकचेऱ्या झाल्याच. आणि याच राज्याच्या विधिमंडळाने २००७ मध्ये ठराव करून रॉब्सटाउन हे खेळाचं जन्मगाव म्हणून मिरवलंय!

खेळ मोठा झाला तो घर सोडून. १९६३ मध्ये कॉर्की मॅकॉर्कोडेल या खेळाडूने तो लास वेगासला नेला. १९७० मध्ये तिथे पोकरची वर्ल्ड सिरीज ही स्पर्धा भरवणारा बेनी बिनियनही मूळ टेक्ससचाच. डॅलसमधला बेकायदा धंदा गुंडाळून आलेला. हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच, पैसे लावायच्या चार फेऱ्या. दिवाळीत तीन पत्ती ब्लाइंड खेळणाऱ्यांना हे संथ वाटेल, पण समोरच्याचा चेहरा वाचायला सवड यातच मिळते. २००३ मध्ये क्रिस मनीमेकर (आडनाव खरंच तेच) या अकाउंटंटने ८६ डॉलरच्या ऑनलाइन खेळातून त्या वर्ल्ड सिरीजमध्ये शिरकाव केला आणि २५ लाख डॉलर जिंकले. भाचा हाच दाखला तोंडावर फेकतो. त्या वर्षी ८३९ जण उतरले होते. बहुतेक हात हलवत परतले, ते त्याला कोण सांगणार?

रॉब्सटाउनला मी एकदा मुद्दाम गाडी काढून गेलो. चहूकडे कापूस. गिरणीच्या भोंग्यावर वाढलेला मी, कडेला थांबून एक बोंड खिशात टाकलं. ते अजून गाडीत आहे.

दर गुरुवारी मी क्लबात बसतो, हे घरी कुणाला माहीत नाही. तिथल्या बोर्डावर माझं नाव सॅम. इथल्या मंडळाच्या गणपतीत दुसऱ्याच वाक्याला "विदर्भातले का?" येतं, त्या टेबलावर चार वर्षांत कुणी गाव विचारलेलं नाही. बरं वाटतं. हरलो की तेवढंसं नाही.

भाच्याला मात्र लिहिलं, "इकडेही बंदीच आहे. अभ्यास कर."