तीन सूत, सिंगल वायर

कार वॉश काढणाऱ्या माणसाला लोक तीन प्रश्न विचारतात: मशीन कुठलं, प्रेशर किती आणि जागा कितीला पडली. पाइप कुठला घातलात, असं विचारणारा इंदूरमध्ये मला अजून भेटायचा आहे. वास्तविक मशीन पत्र्याच्या खोलीत कुलपाआड सुखात असतं. गिऱ्हाईक हात घालतं ते पाइपला. तोच ओढला जातो, तुडवला जातो, आपटला जातो आणि गाडीवर डाग राहिला की शिव्याही त्यालाच.

भाच्याने रिंग रोडला सेल्फ-सर्व्हिस कार वॉश काढलं तेव्हा कामांची वाटणी झाली. मशीन, क्यूआर कोड आणि इन्स्टाग्राम त्याच्याकडे. मी वीज मंडळातून रिटायर झालेलो, त्यामुळे ‘मामांना टेक्निकलमधलं कळतं’ हे आमच्या घरात कुणी तपासायला न जाता ठरलेलं आहे. (मी अकाउंट्सला होतो.) म्हणून पाइप माझ्याकडे आले.

सियागंजात पहिल्याच दुकानात विचारणा झाली, “किसका चाहिए बाऊजी? पानी का, हवा का, गैस का, कि तेल का?” पाण्याचा म्हटल्यावर त्याने बागेचा हिरवा पाइप पुढे टाकला. प्रेशरचा हवा म्हटल्यावर तोच हिरवा, पण आतून दोऱ्याची जाळी असलेला टाकला. मशीन १०० बारचं आहे, असं सांगितलं तेव्हा तर तो हसलाच. “सौ ही ना? भिया, ये तो तीन सौ झेल लेगा!” त्याचे तीनशे पीएसआयचे होते. दोन्ही दाबाचीच मापं, पण एक बार म्हणजे जवळपास साडेचौदा पीएसआय. म्हणजे आमचे शंभर हे त्याच्या हिशोबात साडेचौदाशे होत होते आणि त्याचे तीनशे आमच्या हिशोबात जेमतेम वीस. मी हे काउंटरवरच्या बिलबुकाच्या मागे मांडून दाखवलं. त्याने शांतपणे वाचलं आणि म्हणाला, “तो धीरे चलाना.”

शेवटी हवा तो पाइप मिळाला सांवेर रोडला, जिथे जेसीबी आणि कारखान्यांचे हायड्रॉलिक पाइप दाबून देतात. तिथला कारागीर कमी बोलणारा होता, त्यामुळे माझा त्याच्यावर लगेच विश्वास बसला. त्याने पाइपचा कापलेला तुकडा हातात दिला. आत रबराची नळी, तिच्यावर स्टीलच्या बारीक तारांची वेणी, वर पुन्हा रबर. वेणीचा एक थर असला की सिंगल वायर, दोन असले की डबल. आतल्या भोकाची रुंदी मोजायची सुतात. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. “कितने सूत?” एवढं विचारून तो गप्प बसला.

भाचा फोनवर होता. “मामा, डबलच घ्या. डबल म्हणजे डबल.” या युक्तिवादाला उत्तर नसतं, पण वजन असतं. डबल वायरचा पाइप जड आणि ताठ. तो वळवायला दोन्ही हात लागतात. एका हाताने ओढणी आणि दुसऱ्या हाताने पाणी मारायची गन सांभाळत चाकं धुणाऱ्या बाईला तो पाइपच शेडभर फिरवेल. दाबाचं म्हणाल तर तीन सुती सिंगल वायरवर १८० बारचा छापा होता, आणि असा छापा मारताना फुटण्याचा दाब त्याच्या चौपट धरलेला असतो. आमचं मशीन १०० वरच दमतं. मग दोन सूत का नको, ते तर हलकं आणि दाबही जास्त सोसतं? बारीक पाइप दाब सोसतो, मान्य. पण एवढ्या लांबीतून पाणी घासत घासत पुढे येईतो बराच जोर वाटेतच संपवतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, मशीन बोगस आहे. तर तीन सूत, सिंगल वायर. रंग करडा. भाच्याला लोगोशी मॅच होणारा लाल हवा होता आणि दुकानात होता काळा. काळं रबर गाडीला घासलं की रेघ उठते, आणि आमच्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या गाडीचा रंग पांढरा.

निवड इथे संपली. सांभाळ मात्र अजून चालू आहे.

पाइप जमिनीवर लोळता कामा नये, हे पहिलं. जमिनीवर असला की त्याच्यावर गाडी चढते, तारांची वेणी त्या जागी चेपते आणि मग काही दिवसांनी पाइप नेमका तिथेच फुगतो. म्हणून छताला फिरता दांडा बसवला. त्याला बूम म्हणतात. त्याच्या सांध्यात एक स्विव्हल, म्हणजे गोल फिरणारा जोड, आणि गनच्या मुळाशी दुसरं. हे स्विव्हल कशाला, असा भाच्याचा सवाल होता, कारण ते महाग येतं. मी त्याला खुर्ची टाकून तासभर नुसतं बघायला बसवलं. माणूस ड्रायव्हरच्या दारापासून सुरुवात करतो आणि गाडीला प्रदक्षिणा घालतो. एक पाण्याची, एक साबणाची, एक पुन्हा पाण्याची. सांधा फिरत नसेल तर प्रत्येक प्रदक्षिणेचा एक पीळ पाइपमध्ये जमा होतो, आणि कुणीही उलट्या दिशेने फिरून तो उतरवत नाही. तशी पाटी लावायचं माझ्या मनात आलं होतं. पण खजराण्याच्या गणपतीपुढे पूजा करून थेट इकडे आणलेल्या नव्या गाडीभोवती उलटं फिरायला कोण तयार होणार? स्विव्हल घेतलं.

स्विव्हलचं वैर पाण्याशी. आमच्याकडे बोअरचं पाणी, आणि माळव्याच्या काळ्या खडकातलं पाणी जड. क्षार बसून सांधा अडतो, नोझल चोंदतं, गाडी वाळली की काचेवर पांढरे ठिपके. यावर राजेंद्र नगरचे आमचे साडू म्हणतात, नर्मदेचं घ्या. आणि घ्यायला निघालं की तेच म्हणतात, “लाज नाही वाटत? नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटर ओढून, घाट चढवून आणतात ती. १९७८ मध्ये पहिल्यांदा आली तेव्हा लोकांनी नळाची पूजा केली होती, आणि तुम्ही तिनं टायर धुणार?” साडूंचं बोलणं दोन्ही बाजूंनी बरोबर असतं. त्यामुळे मी दर आठवड्याला नोझल काढून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवतो.

पाइप सर्वांत आधी मरतो तो गनच्या मागच्या वीतभर जागेत. तिथे तो सारखा मोडतो. त्यासाठी एक स्प्रिंगची बाही मिळते. ती लावली की मोड गोल पडतो. गिऱ्हाइकाला मात्र ती हँडल वाटते. तिला धरून तो अख्खा पाइप खेचतो. मग रबराला चीर, चिरेतून पाणी तारेला, तारेला गंज, आणि एके सकाळी रबराला बोराएवढा फुगा. फुगा दिसला की पाइप उतरवायचा, चर्चा नाही. पण फुग्याआधी येते ती बारीक गळती. धुक्यासारखं काहीतरी उडतं एवढंच, कुठून ते कळत नाही. आणि ते शोधायला प्रत्येक शहाणा माणूस पाइपवरून बोट फिरवायला जातो.

इथे मी ओरडतो. १०० बारची सुईएवढी धार कातडीतून आत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण, आणि आत साबणाचं पाणी पसरलेलं. दुखत नाही म्हणून माणूस घरी जातो, आणि मग बोट वाचवायला ऑपरेशन लागतं. मी शोधतो ते शेवेच्या खोक्याच्या पुठ्ठ्याने. पुठ्ठा पाइपलगत हळूहळू सरकवायचा. एका जागी तो थरथरतो, मग मधोमध ओला गोल ठिपका, आणि डोळ्यादेखत ठिपक्यातून आरपार भोक. ते भोक बघितल्यावर सल्ला देणारे दोन पावलं मागे सरतात.

सल्ले संपत नाहीत पण. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. क्लिप मारा. टेफ्लॉन टेप लावा. एक गृहस्थ कापूर सुचवून गेले, का ते अजून कळलेलं नाही. खरा उपाय एकच: खराब तुकडा कापायचा, सांवेर रोडला न्यायचा आणि मशीनवर नवा सांधा दाबून घ्यायचा. त्यात पाइप दरवेळी वीतभर आखडतो.

मशीनबरोबर एक इटालियन कंपनीची पुस्तिका आली. तिच्यात थंडीवर बरंच लिहिलंय. बर्फ पडत असेल तर गन पूर्ण बंद करू नये, पाणी ठिबकत ठेवावं, म्हणजे पाइपमध्ये गोठणार नाही. इंदूरमध्ये पाणी गोठायला फ्रिज लागतो. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला, रबर उन्हात तडकायला लागलं आणि पहिलं टोकन टाकणाऱ्याच्या पायावर आधी चहाला चालेल असं पाणी पडलं, तर काय करावं, यावर पुस्तिका गप्प. उंदरांवर तर एक ओळ नाही. आमचा साबणाचा पारदर्शक मऊ पाइप उंदीर आवडीने खातात. आम्ही रात्री पंप बंद करून, गन दाबून आतला दाब सोडून, पाइप वर टांगून जातो. सकाळी साबणाच्या पाइपला दातांची नक्षी तयार.

व्हॅक्यूमचा पाइप हे वेगळंच प्रकरण. त्याला दाबाची भीती नाही, त्याला भीती शेवेची. इंदूरच्या कुठल्याही गाडीची मागची सीट उचला, खाली शेव असते. पोह्यांवरची, कचोरीवरची, नुसतीच. तिच्यासोबत सुपारीच्या पुड्या, नाणी, एकदा कानातलं. (ते सापडलं, बाईंनी मात्र ‘दुसरंही आतच असेल’ म्हणून पिंप दोनदा उपसायला लावलं.) हा कोरुगेटेड पाइप तोंडाशी फाटतो, तेवढं कापून पुन्हा बसवायचं. म्हणजे हाही आखडत जातो, आणि शेवटी अशी वेळ येते की लोक गाडी पाइपपाशी लावण्यापेक्षा सीट पाइपपाशी आणता येईल का, ते विचारतात.

या सगळ्यात मीटर चालू असतो. टोकन टाकलं की वेळ सुरू, माणूस गन शोधतो, पीळ सोडवतो, बायकोला व्हिडिओ काढायला सांगतो, आणि मग मला म्हणतो, “अंकल, मीटर तेज भाग रहा है.” रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी हे वाक्य दिवसभर ऐकावं लागतं. राजवाड्याच्या गेरमधून, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीतून, आलेल्या गाड्यांचा मूळ रंग आरसी बुक बघून ठरवावा लागतो. त्या दिवशी पाइपही गुलाबी होतात. भाचा म्हणाला, बघा, लाल घेतला असता तर कळलंही नसतं. हा त्याचा एकच मुद्दा मला आजवर खोडता आलेला नाही.

राहिले उतरवलेले जुने पाइप. त्यांना मागणी फार. कुणाला बागेला हवा, कुणाला कूलर भरायला, एकाला गच्चीवर टाकी धुवायला. मी देत नाही. आतली तार कुठून तरी बाहेर आलेली असते, ती हातात घुसते. आणि कोणी तरी त्याला क्लिप मारून पुन्हा प्रेशरच्या मशीनला लावणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून करवतीने हातहातभर तुकडे करून भंगारात घालतो. साडूंच्या समोरच केले. फार मनाला लावून घेतलं त्यांनी. बोलणं बंद झालं, पाडव्याला फोनही नाही. मग एका रविवारी गाडी घेऊन हजर. टोकन अर्थातच घरचं. चाकं झाली, बॉनेट झालं, गाडीच्या मागच्या बाजूला गेले तसा पाइप ताणला गेला. गन डिकीपासून वीतभर लांब धरून ते माझ्याकडे वळले.

“जरा आखूडच आहे, नाही का? ते तुकडे कुठे टाकलेत?”