मंगोल नुसत्या घोड्यांवर जिंकले?

घोडा आणि धनुष्य यांच्या जोरावर मंगोलांनी जग पालथं घातलं, हे मला काही पटत नाही. घोडा-धनुष्य तर त्या गवताळ प्रदेशात हजार-दीड हजार वर्षं होतंच की. हूण, तुर्क सगळे त्यावरच लढले. मग १२०६मध्ये चंगीझखान सगळ्या मंगोलांचा खान झाला, त्यानंतरच असं काय झालं?

झालं ते फौजेच्या बांधणीत. चंगीझखानाने टोळ्याच मोडीत काढल्या. दहा, शंभर, हजार, दहा हजार अशा तुकड्या पाडल्या. पराभूत टोळ्यांची माणसं त्यांत मुद्दाम विखुरली, म्हणजे भाऊबंद एकत्र येऊन बंडाची भाषा करायला नकोत. लुटीवर आधी झडप घालायची नाही, लढाई संपल्यावर वाटणी. आणि सरदारकी घराणं बघून मिळत नव्हती. जेबे हा एकेकाळी खानाच्या विरुद्ध बाजूने लढलेला तिरंदाज, पुढे त्याचाच सेनापती झाला.

मला सगळ्यात भारी वाटते ती मोहीची लढाई. ११ एप्रिल १२४१, हंगेरी. मध्ये शायो नदी, त्यावर पूल, पलीकडे राजा बेलाची छावणी, भोवती गाड्यांचं कडं. पुलावर हंगेरियन लोकांनी चांगलाच प्रतिकार केला. मग चंगीझखानाचा नातू बातू याने दगडफेकी यंत्रं आणून पुलाचं पलीकडचं टोक मोकळं केलं, आणि तेवढ्यात त्याचा सेनापती सुबुताई याने नदीच्या खालच्या अंगाला दुसरीकडून फौज पार केली. छावणीला वेढा पडला. पण पूर्ण नाही! एका बाजूला वाट मोकळी सोडली. कोंडलेला माणूस जिवावर उदार होऊन लढतो; पळणाऱ्याची पाठ मात्र आयती मिळते. त्या वाटेने बाहेर पडलेल्यांची पुढे रस्त्यावर कत्तल झाली. शिकारीत जनावरांभोवती मैलोन्‌मैल रिंगण धरायची सवय असलेल्या लोकांना हे शिकवावं लागलं नसणार.

आता सांगा, मेंढपाळांकडे दगडफेकी यंत्रं आली कुठून? चीनच्या मोहिमांमधून. शहर पडलं की कारागीर बाजूला काढायचे, ही त्यांची रीतच होती. पुढे चंगीझखानाचाच नातू कुबलाई याने चीनमधल्या शियांगयांग शहराच्या वेढ्यासाठी थेट इराणच्या बाजूने यंत्रं बनवणारे मुसलमान कारागीर मागवले, आणि वर्षानुवर्षं न पडलेलं ते शहर १२७३मध्ये शरण आलं. यात घोड्याचा संबंध किती?

(बाकीच्या कैद्यांना पुढच्या शहराच्या तटासमोर ढाल म्हणून हाकलत नेत. मंगोलांचं कौतुक करणाऱ्या पोस्टींमध्ये हे सहसा गाळलेलं असतं.)

काही जण मंगोलांच्या या लढण्याला गनिमी कावा म्हणतात. पळून जायचं सोंग दोन्हीकडे आहे, कबूल. पण मराठ्यांच्या पाठीशी डोंगर आणि किल्ले होते, मंगोलांना मोकळं मैदान आणि चारा लागे. एकेका स्वारामागे तीन-चार घोडी, ती काय खाणार? १२६०मध्ये कुबलाईचा भाऊ हुलागू सीरियातून बहुतेक फौज घेऊन मागे फिरला, त्यामागे मंगोलांचा सर्वोच्च खान मोंगके याचा मृत्यू होता तसा चाऱ्याचाही प्रश्न होता.

मागे उरलेला त्याचा सेनापती कितबुका, त्याला त्याच वर्षी पॅलेस्टाईनमध्ये ऐन जालूतला इजिप्तच्या मामलुकांनी, म्हणजे गुलाम सैनिकांच्या फौजेने, हरवलं. या मामलुकांत किपचाक, म्हणजे त्याच गवताळ प्रदेशातले तुर्क, खच्चून भरलेले. लहानपणी गुलाम म्हणून विकले गेलेले, कैरोत वर्षानुवर्षं कवायत करून तयार झालेले. म्हणजे घोडा आणि धनुष्य त्या दिवशी दोन्ही बाजूंना होतं.