गाणी नेली, भाषा मागे राहिली

शेजारच्या आजींनी परवा माझ्या मुलीला राय नावाच्या धान्याच्या पिठाची पोळी लाटायला बसवलं. इतकी पातळ, की खालचा पाट दिसावा. त्यावर मीठ घालून दुधात शिजवलेला घट्ट भात, आणि मग दोन्ही तर्जनींनी कडेला भराभर चुण्या. आपल्याकडे करंजीला मुरड घालणारी बाई जशी हाताकडे न बघता मुरड घालते, अगदी तसं. ओव्हनमधून निघाल्यावर वरून लोणी. फिनलंडच्या प्रत्येक सुपरमार्केटात हा पदार्थ ‘कार्यालन पिराक्का’ म्हणून मिळतो. कार्याला म्हणजे कारेलिया, फिनलंड आणि रशियाच्या सीमेवर दोन्हीकडे पसरलेला प्रदेश. आजी मात्र त्याला ‘कलित्ता’ म्हणतात.

पूर्व फिनलंडमधल्या योएन्सू शहरात राहायला आल्यावर पहिली चार वर्षं मी आजींना फिनिशच समजत होतो. ‘कलित्ता’ हा शब्द माझ्या फिनिशच्या पुस्तकात सापडेना, म्हणून विचारलं, "ही फिनिशचीच बोली ना?" आजींनी हातातला ट्रे खाली ठेवला आणि म्हणाल्या, "बोली नाही. भाषा." त्यांचा तो आवाज अजून कानात आहे. त्या दिवसापासून मिळेल ते वाचतोय, आणि जितकं वाचतोय तितका अस्वस्थ होतोय.

फिनिश आणि कारेलियन या सख्ख्या बहिणी, यात वाद नाही. पण आईला फिनिशमध्ये ‘आइती’ म्हणतात, आजी ‘मुआमो’ म्हणतात. धन्यवादाला इथे ‘कीतोस’, त्यांच्याकडे ‘पास्सिबो’. १३२३ च्या तहाने स्वीडन आणि नोवगोरोद हे तेव्हाचं रशियन राज्य यांनी कारेलियाचे दोन तुकडे केले. पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती झाले, त्यांच्या बोलण्यात रशियन शब्द मुरले. १९५७ मध्ये नोवगोरोदच्या उत्खननात भूर्जाच्या सालीवर कोरलेला एक मजकूर सापडला. तेराव्या शतकातला, विजेविरुद्धचा मंत्र असावा असा. फिनिश-कारेलियन भाषागटातला हा सर्वांत जुना लेख, आणि त्याची भाषा कारेलियनच्या जवळची मानतात. पहिलं फिनिश पुस्तक त्यानंतर तीनशे वर्षांनी, १५४३ च्या सुमारास आलं. तरी ‘बोली’ कोण, तर कारेलियन!

आणि कालेवाला. फिनलंडचं राष्ट्रीय महाकाव्य. दर २८ फेब्रुवारीला इथे त्यासाठी झेंडे लागतात. एलियास ल्योनरोत हे डॉक्टर गावोगाव फिरून गाणी टिपून घेत होते. १८३४ मध्ये लात्वायार्वी गावात त्यांना अर्हिप्पा पेर्त्तुनेन हा कारेलियन शेतकरी भेटला. दोन-तीन दिवसांत त्याने चार हजारांहून जास्त ओळी गाऊन दाखवल्या. त्याने सांगितलेली एक आठवण मला फार आवडते. लहानपणी तो वडिलांबरोबर मासेमारीला जायचा. रात्री शेकोटीशी वडील आणि त्यांचा जोडीदार हातात हात घेऊन पहाटेपर्यंत गायचे, आणि एकच गाणं दोनदा यायचं नाही. पोरगा ऐकत बसायचा. तिथेच तो शिकला.

१८३५ च्या पहिल्या आवृत्तीचं पूर्ण नाव असं होतं: कालेवाला, अर्थात फिनिश लोकांच्या प्राचीन काळाविषयी कारेलियाची जुनी गाणी. गाणी कारेलियाची, लोक फिनिश! १८४९ च्या आवृत्तीवर नुसतं ‘कालेवाला’ उरलं. ल्योनरोत यांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे, त्यांनी टिपलं नसतं तर कितीतरी गेलं असतं. पण ज्यांच्या तोंडची गाणी घेऊन एक राष्ट्र उभं राहिलं, त्यांच्या भाषेला त्या राष्ट्राने आपल्या अल्पसंख्य भाषांच्या यादीत घेतलं ते २००९ मध्ये. ही दिरंगाई मला अक्षम्य वाटते.

सीमेपलीकडे तर पोरांचे हालच. सोव्हिएत कारेलियात आधी शाळेत फिनिश, १९३७-३८ मध्ये ती बंद करून रशियन लिपीतली कारेलियन, आणि १९४० मध्ये पुन्हा फिनिश. स्टालिनच्या त्याच दहशतीत कितीतरी कारेलियन गोळ्या घालून मारले गेले, सांदारमोखच्या जंगलातल्या त्यांच्या कबरी १९९७ मध्ये सापडल्या. आज रशियातल्या कारेलिया प्रजासत्ताकाची राजभाषा एकटी रशियन. कारेलियन रोमन लिपीत लिहितात, आणि २००२ च्या कायद्याने राजभाषेला रशियन लिपीच लागते. १९२६ च्या जनगणनेत सोव्हिएत संघात सुमारे अडीच लाख कारेलियन होते, २०२१ मध्ये रशियात जेमतेम ३२ हजार.

आजी सुओयार्वीच्या, ते गाव आता रशियात आहे. दुसऱ्या महायुद्धात फिनलंडने कारेलियाचा मोठा भाग गमावला आणि चार लाखांहून जास्त माणसं घरंदारं सोडून निघाली. १९४४ मध्ये आजी आठ वर्षांच्या होत्या. नव्या गावच्या शाळेत मुलं त्यांना रशियन म्हणून हिणवायची, प्रार्थना वेगळी म्हणून आणि बोलणं वेगळं म्हणून. वर्षभरात त्यांनी घराबाहेर तोंड उघडलं की फिनिशच. पुढे स्वतःच्या मुलांशीसुद्धा.

मराठी मित्रांनो, इथे मला आपलंही आठवतं. कोंकणी ही मराठीची बोली, हे मी कॉलेजात तावातावाने सांगायचो. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये तिला मान्यता दिली होती, १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत आली, तरी माझी जीभ थांबली नव्हती. गोव्याचा माझा एक मित्र तेव्हा गप्प बसायचा. गेल्या महिन्यात त्याला फोन करून माफी मागितली.

परवा कलित्ता भाजून होईपर्यंत मुलीने वही काढली. ती आजींकडून शब्द लिहून घेते. तिने विचारलं, मुआमोचं स्पेलिंग काय? आजी पेन हातात धरून बराच वेळ थांबल्या. म्हणाल्या, "हे मी कधी लिहिलंच नाही ग." मग एकेक अक्षर उच्चारत, सावकाश, त्यांनी लिहिलं.