ढोलीचे झाड रोपवाटिकेत मिळत नाही

‘तोडलेल्या प्रत्येक झाडामागे दहा रोपे लावली की प्रजाती वाचतील’ हे वृक्षारोपणाविषयीच्या लेखातील विधान मला मुळीच पटले नाही. रानपिंगळा या छोट्या घुबडाची १८८४ नंतर खात्रीलायक नोंद नव्हती, आणि १९९७ मध्ये पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना तो आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ पुन्हा सापडला; तो जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करतो, आणि रोपाला तशी ढोली पडायला कित्येक दशके जातात.

तळोद्याच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी मी हा पक्षी एकदाच पाहिला आहे. भर दिवसा, सागाच्या निष्पर्ण फांदीवर तो शेपटी झटकत बसला होता. (तो दिवसा वावरतो, हे गावातही अनेकांना ठाऊक नसते.) दोन वर्षांनी गेलो तेव्हा जवळचे वठलेले, पोकळ झाड सरपणासाठी तोडलेले होते, बुंध्याशी फक्त भुसा उरला होता. तोडणाऱ्याला दोष देववत नाही, कारण त्याच्या घरी चूल पेटायची होती. म्हणूनच पायथ्याच्या पाड्यांवर सिलिंडर परवडेल अशी सोय करणे आणि वठलेली झाडे ‘निरुपयोगी’ ठरवून न काढणे, या दोन गोष्टी वृक्षारोपणाच्या आधी यायला हव्यात.